चरबी, शेजारपाजार आणि न सापडणारा पॅनक्रियाज

रेडिओलॉजीला जॉइन होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि सरांनी सोनोग्राफीचा प्रोब माझ्या हातात दिला, म्हणाले पॅनक्रियाज (स्वादुपिंड) दाखव. टेबलावर पासष्टीच्या एक आजी, सकाळपासून उपाशी, पोटावर गार जेली. मी बेंबीच्या वर प्रोब टेकवला आणि शोधायला लागले. आडवा केला, उभा केला, दाबला, सैल सोडला. स्क्रीनवर नुसता करडा चिखल. पाचेक मिनिटं झाल्यावर आजीच म्हणाल्या, "काय गं पोरी, आत काही हरवलंय का?" मागे उभे असलेले दोन सिनियर जे फुटले हसून, की विचारू नका.

सर हसले नाहीत. आजींना म्हणाले मोठा श्वास घ्या, पोट फुगवा, धरून ठेवा, आणि माझ्या हातावर हात ठेवून प्रोब जरासा खाली कलता केला. तीन सेकंदात चित्र जागेवर. मग मला म्हणाले, "पॅनक्रियाज शोधूच नकोस. स्प्लेनिक व्हेन शोध. तिच्या पुढ्यात जे आडवं पडलंय ते पॅनक्रियाज."

आता गंमत बघा, हे मला पाठ होतं. स्प्लेनिक व्हेन (स्प्लीन म्हणजे प्लीहा, तिथून येणारी शीर) पॅनक्रियाजच्या मागून जाते आणि त्याच्या मानेच्या मागे एसएमव्हीला (आतड्याकडून येणारी शीर) मिळून पोर्टल व्हेन (लिव्हरकडे जाणारी मोठी शीर) तयार होते, हे वाक्य फर्स्ट एमबीबीएसच्या व्हायव्हात मी घडाघडा म्हणून दाखवलेलं आहे. पण ते वाक्य होतं, पत्ता नव्हता. आमच्या गावात कुणाचं घर विचारलं तर कोणी घर नंबर सांगत नाही, मारुतीच्या देवळामागं पिठाची गिरणी आहे, तिच्या समोरचं, असं सांगतात. पोटात पण हेच चालतं. स्वतःच्या रंगावरून, आकारावरून ओळखू येणारे अवयव दोनचारच. बाकी सगळे शेजाऱ्यांवरून ओळखायचे.

त्या एका स्लाइसमध्येच केवढा शेजार आहे! मागे मणक्याची पांढरी कमान आणि तिच्याखाली काळी सावली. कमानीवर दोन गोल, पेशंटच्या डावीकडचा एओर्टा (महाधमनी), उजवीकडची आयव्हीसी (महाशीर). एओर्टाच्या पुढे एक छोटा काळा गोल आणि त्याभोवती पांढरं कडं, ती एसएमए, आतड्याला रक्त नेणारी धमनी. ते कडं चरबीचं असतं आणि त्यामुळं एसएमए कध्धी चुकत नाही. एसएमए आणि एओर्टाच्या बेचक्यातून डावी रीनल व्हेन (किडनीची शीर) आयव्हीसीकडे निघालेली. आणि एसएमएच्या पुढून स्प्लेनिक व्हेन, उजव्या टोकाला जाडसर होत गेलेली. हे एवढं जमलं की पॅनक्रियाज आपोआप दिसतो. शेपूट मात्र पुष्कळदा गॅसमागे दडून बसतं, मग डाव्या कुशीतून स्प्लीनच्या खिडकीतून डोकवायचं नाहीतर पेशंटला दोन ग्लास पाणी पाजून जठराचीच खिडकी करायची.

सोनोग्राफी निदान हात हलवला की चित्र हलतं, त्यामुळे मेंदूला काहीतरी सांधा लागतो. सीटीची गोची वेगळी. अ‍ॅक्सिअल इमेज म्हणजे पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय, म्हणून लिव्हर स्क्रीनच्या डाव्या बाजूला. एका वाक्यात कळतं पण अंगवळणी पडायला मला दोन महिने गेले, कारण डिसेक्शन हॉलमध्ये आम्ही कायम टेबलाच्या बाजूला उभे असायचो आणि वरून बघायचो, पायाकडून माणूस कापून बघायची सवय कुणाला असणार? मग मी वॉर्डात गेले की मुद्दाम कॉटच्या पायथ्याशी उभी राहायचे आणि मनातल्या मनात स्लाइस पाडायचे, इथे लिव्हर, इथे स्प्लीन, इथे किडन्या, उजवी जरा खाली. एकदा एका काकांच्या बायकोनं काळजीनं विचारलं, "मॅडम, पायाला सूज वाटतेय का यांच्या?"

पण मला खरं लिहायचंय ते चरबीबद्दल.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी चरबी म्हणजे माझ्या लेखी कचरा. डिसेक्शनमधले निम्मे तास कशात गेले तर ती पिवळी तेलकट चरबी चिमट्यानं उचलून काढण्यात. "क्लीन करा" असाच शब्द होता. रीनल आर्टरी क्लीन करा, सिलिअ‍ॅक ट्रंक क्लीन करा. सगळी चरबी गेली, नळ्या स्वच्छ उघड्या पडल्या की मॅडम खूश. त्यामुळे माझ्या डोक्यातलं पोट हे बिनचरबीचं होतं, तक्त्यावरच्या चित्रासारखं, लाल आर्टरी निळी व्हेन पिवळी नर्व्ह आणि मधे पोकळी.

सीटीत नेमकं उलटं. तिथं प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. (हाउन्सफील्ड हा इंजिनिअर माणूस, ईएमआय या कंपनीत होता, सीटीसाठी कॉर्मॅकबरोबर १९७९ चं मेडिसिनचं नोबेल त्याला मिळालं.) पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. आणि लिव्हर, स्प्लीन, किडनी, स्नायू, आतड्याची भिंत, हे सगळे बिनकॉन्ट्रास्टचे (म्हणजे रक्त उजळवणारं इंजेक्शन न देता) साधारण तीस ते साठच्या घरात, म्हणजे डोळ्याला जवळपास सारखेच करडे. दोन करड्या वस्तू एकमेकींना चिकटून बसल्या तर मधली रेघ कुठून दिसणार? ती दिसते मधल्या काळ्या चरबीमुळं. फळा काळा आहे म्हणून खडू दिसतो, तसं. जी गोष्ट आम्ही वर्षभर उचलून टाकत होतो तिच्याच जिवावर सगळी सीटी वाचायची आहे हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी रात्री मी हॉस्टेलवर जाऊन रूममेटला अर्धा तास पिडलं, ती बिचारी गायनॅकची, छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेली, हो हो म्हणत झोपून गेली.

आमच्याकडं टीबीचे पेशंट खूप. हाडं आणि कातडं उरलेला पंचविशीतला मुलगा, त्याची सीटी उघडली की पोटात धुकं पसरल्यासारखं दिसतं, आतडं कुठे संपलं आणि सोअस मसल (मणक्याशेजारचा स्नायू) कुठे सुरू झाला काही कळत नाही, लिम्फ नोड म्हणावं तर आतड्याचं वेटोळं निघतं. आणि मग दुपारी सुटलेल्या पोटाचे एखादे काका येतात, आणि त्यांची सीटी म्हणजे काय सांगू, प्रत्येक अवयव आपापल्या काळ्या चौकटीत सुटा सुटा मांडलेला. "काय सुंदर अ‍ॅनाटॉमी आहे" असं आम्ही कन्सोलवर बसून खरंच म्हणतो. काकांना अर्थात हे सांगायची सोय नाही. हेच काका सोनोग्राफीला आले तर मात्र कपाळाला हात, कारण आवाजाला चरबी आवडत नाही, खोलवर जाईपर्यंत सगळा आवाज गळून जातो.

शिवाय चरबी बातमीही देते. निरोगी चरबी नितळ काळी. कुठे ती धुरकट, रेघारेघांची दिसली की समजायचं आसपास काहीतरी पेटलंय. आता मी पोटदुखीची सीटी उघडली की आधी अवयव बघतच नाही, कुठली चरबी मळलीय ते बघते. उजव्या ओटीपोटात मळलेली दिसली की मग अपेंडिक्सचा पत्ता शोधायचा. लिव्हरखालच्या वळणापासून असेंडिंग कोलन (उजवीकडचं मोठं आतडं) धरून खाली सिकमपर्यंत (त्याच्या सुरुवातीच्या पिशवीपर्यंत) यायचं, वाटेत आतल्या बाजूनं लहान आतडं येऊन मिळतं ती इलिओसिकल व्हॉल्व्ह हेरून ठेवायची, तिथून खाली त्याच बाजूला जी बारीक नळी निघते आणि कुठेच न जाता संपते ती अपेंडिक्स. कुठेच न जाता हे महत्त्वाचं. मी सुरुवातीला दोनदा टर्मिनल इलियमलाच (लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला) अपेंडिक्स म्हटलंय. सोनोग्राफीत अजून वेगळी मजा, तिथं हळूहळू दाब वाढवत आतड्यातला गॅस बाजूला सारायचा. १९८६ साली पुयलार्ट नावाच्या डच रेडिओलॉजिस्टनं मांडलेली पद्धत, आजही तीच. दाबली तरी न दबणारी, सहा मिलिमीटरपेक्षा जाड नळी दिसली की सर्जरीवाल्यांना फोन.

फोनवरून आठवलं. रात्री दोनची गोष्ट, बाइकवरून पडलेला मुलगा, ट्रॉमाची सीटी, ड्यूटीवर मी एकटी. स्क्रोल करता करता स्प्लीनवर आले आणि पोटात गोळाच आला. पूर्ण स्प्लीनभर पांढरे काळे पट्टे, झेब्र्यासारखे. मी म्हटलं चिंधड्या झाल्यात स्प्लीनच्या. सर्जरीच्या रेसिडेंटला फोन लावला, तो धावत आला, आणि मग सिनियरला फोन केला तर पलीकडून झोपाळू आवाजात एकच प्रश्न, "कितव्या सेकंदाची फेज आहे?" कॉन्ट्रास्ट टोचल्यापासून पस्तिसाव्या. "सत्तरची बघ की बाई." बघितली. स्प्लीन गुळगुळीत एकसारखा. कॉन्ट्रास्ट पहिल्यांदा येतो तेव्हा स्प्लीनच्या रेड पल्पमधून आणि व्हाइट पल्पमधून तो वेगवेगळ्या वेगानं जातो म्हणून आर्टेरियल फेजमध्ये (या सुरुवातीच्या टप्प्यात) तसे पट्टे दिसणं हे नॉर्मल, मिनिटभरानं ते विरतात. तात्पर्य काय तर सीटीत अ‍ॅनाटॉमीला घड्याळ पण असतं. सर्जरीवाला अजून कँटीनमध्ये भेटला की झेब्रा म्हणून हाक मारतो. आपली गावाकडची म्हातारी माणसं स्प्लीनला पाणथरी म्हणतात, "पाणथरी वाढलीय" हे वाक्य मी आजोबांकडून लहानपणी ऐकलंय, मलेरियाच्या संदर्भात. मला तो शब्द स्प्लीनपेक्षा जास्त आवडतो.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. रोज एकच गोष्ट धरायची आणि त्या दिवशीच्या प्रत्येक सीटीत ती पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बोट न उचलता फॉलो करायची. बोट म्हणजे माउसचं चाक. रिपोर्ट नॉर्मल असो नाहीतर भयंकर, आपण आपला धागा सोडायचा नाही. एक दिवस फक्त ड्युओडेनम, एक दिवस फक्त पोर्टल व्हेन. लिव्हरचे कुइनों या फ्रेंच सर्जननं पाडलेले आठ सेगमेंट्स (भाग) मला असेच आले, तीन हेपॅटिक व्हेन्स म्हणजे उभ्या भिंती आणि पोर्टल व्हेनच्या फांद्या म्हणजे मधला मजला, यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी पुन्हा काय सांगू.

युरेटरनं मात्र आठवडा खाल्ला. किडनीतून निघतो, सोअसवर पहुडतो, इलिअ‍ॅक आर्टरीज जिथं फुटतात तिथं त्यांना ओलांडून पेल्व्हिसमध्ये (कंबरेच्या हाडांच्या कटोऱ्यात) उतरतो, बाजूच्या भिंतीला धरून खाली जातो आणि शेवटी आत वळून ब्लॅडरला मिळतो. खडे अडकायच्या जागा तीन, निघताना, ओलांडताना आणि ब्लॅडरमध्ये शिरताना. ऐकायला सोपं आहे. पण बिनकॉन्ट्रास्टच्या सीटीत तो दोनतीन मिलिमीटरचा करडा ठिपका असतो आणि त्याच्या आजूबाजूला अगदी तसलेच ठिपके. एका पेशंटमध्ये मी डावा युरेटर मोठ्या विश्वासानं खालून वर फॉलो करत आले आणि तो किडनीच्या हायलममध्ये (मधल्या खाचेत) जायच्याऐवजी सरळ डाव्या रीनल व्हेनमध्ये जाऊन घुसला! म्हणजे मी इतका वेळ गोनॅडल व्हेनचा (अंडकोष किंवा ओव्हरीकडून येणाऱ्या शिरेचा) हात धरून चालत होते. ती युरेटरला पुढून ओलांडते आणि तिथंच मी माणूस बदलला. जत्रेत लहान मुलं दुसऱ्याच बाईचा पदर धरून जातात तसं. आणि पेल्व्हिसमध्ये व्हेन्समधले फ्लेबोलिथ्स (शिरेत साठलेले कॅल्शियमचे कण) हा वेगळाच छळ, खड्यासारखेच पांढरे गोल. त्याच्यावर उपाय परत तोच, ठिपक्याकडे बघायचं नाही, नळी धरून यायचं आणि ठिपका नळीत आहे का बाहेर ते बघायचं.

पेरिटोनियम (पोटातलं पातळ अस्तर) मला कुठल्याही चित्रावरून कधीच कळलं नाही. लेसर सॅक, ग्रेटर सॅक, ते बाणांचे फोटो, मी ऑप्शनलाच टाकायचे. ते शिकवलं एका लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटनं. त्यांच्या पोटात पाणी झालेलं, भरपूर. एरवी पेरिटोनियमचे कप्पे म्हणजे घडी करून ठेवलेली रिकामी पिशवी, दिसतच नाहीत. पाणी भरलं की एकेक कप्पा फुगून समोर. लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधे मॉरिसन्स पाउच, आडवं झोपलेल्या माणसात वरच्या पोटातली खोलगट जागा, म्हणून अपघाताच्या पेशंटला आधी प्रोब तिथंच ठेवतात. तिथून उजव्या पॅराकोलिक गटरनं (मोठ्या आतड्याच्या बाजूच्या खोबणीनं) पाणी खाली ओटीपोटात उतरतं आणि वरही चढतं. डावीकडे वर जाताना मात्र फ्रेनिकोकोलिक लिगामेंटचा बांध आडवा येतो. आणि मधे मेझेंटरी (आतड्याला मागच्या भिंतीशी बांधणारा पडदा), पाण्यात पंखा उघडल्यासारखी तरंगत होती, टोकांना आतड्याची वेटोळी लोंबलेली. मी वीस मिनिटं त्यांची सोनोग्राफी केली, त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. आपल्या ब्रँचमध्ये हे असं असतं, माणूस आतून बाहेरून बघितलेला असतो आणि परत कधी भेटत नाही.

आता पेल्व्हिस. कुठल्याही सरकारी हॉस्पिटलच्या सोनोग्राफीबाहेरचा कॉरिडॉर बघा, बाया हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन फेऱ्या मारत असतात. "ताई, लघवी लागली का जोरात?" "नाही अजून." "मग अजून पाणी प्या." मग अर्ध्या तासानं अशी वेळ येते की ती म्हणते आत्ताच्या आत्ता घ्या नाहीतर मी चालले. हा छळ कशासाठी तर भरलेला ब्लॅडर आतड्यांना वर ढकलतो आणि आवाजाला पाण्यातून मोकळी वाट मिळते, मागे गर्भाशय स्वच्छ दिसतं. गर्भाशय पुढे कललेलं असलं तर काम सोपं. मागे कललेलं असलं तर फंडस (गर्भाशयाचा वरचा भाग) खोल लांब जातो, करडा पडतो आणि नवीन माणसाला तिथं गाठ वाटते. मला वाटलीच. ओव्हरी शोधायची तर परत शेजार, इंटर्नल इलिअ‍ॅक व्हेसल्स पकडायच्या, त्यांच्या पुढ्यातच ती बसलेली असते. सापडली असं वाटलं की मी आता दहा सेकंद प्रोब स्थिर धरते. वळवळली तर ते आतडं.

यूट्यूबवर परदेशातली मुलं मोबाइलला प्रोब लावून रूमवर एकमेकांची पोटं बघत शिकताना दिसतात. आपल्याकडे ते शक्य नाही, १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानबंदीच्या) कायद्यानं मशिन नोंदणी झालेल्या जागेतच वापरायचं. मला त्याबद्दल तक्रार नाही, आपल्या राज्यात मुलींचं काय झालं ते बघितलंय आपण. फक्त शिकणाऱ्याला ओपीडीच्या गर्दीतच शिकावं लागतं आणि त्याची किंमत टेबलावरच्या बाया मोजतात, अंगाला गार जेली लावून, तुंबलेली लघवी धरून, त्यामुळे निदान जेली कोमट ठेवायला आणि प्रोब हलका धरायला तरी शिका असं मी ज्युनियर्सना सांगते.

पेल्व्हिसचा एमआरआय पाहिला आणि चरबी पुन्हा भेटली, या वेळी पांढरी. टी-टू इमेजमध्ये (एमआरआयचा एक प्रकार) चरबी चमकते आणि रेक्टमभोवतीच्या (गुदाशयाभोवतीच्या) त्या पांढऱ्या गादीला बाहेरून एक केसाएवढी काळी रेघ असते, मेझोरेक्टल फेशिया. रेक्टमचा कॅन्सर त्या रेघेपासून किती लांब आहे, एक मिलिमीटरच्या आत आलाय का, यावर पेशंटला आधी रेडिएशन द्यायचं का थेट ऑपरेशन हे बऱ्याच अंशी ठरतं. केसाएवढ्या रेघेवर! फिस्टुलाच्या (भगंदराच्या) एमआरआयमध्ये आम्ही घड्याळाचे काटे सांगतो, पुढची बाजू बारा, पेशंटची डावी बाजू तीन. आणि इथं मला ती पायाशी उभं राहायची सवय कामाला आली, कारण सर्जन पेशंटला पाय वर करून झोपवतो आणि पायाकडूनच बघतो, त्याचं घड्याळ आणि अ‍ॅक्सिअल इमेजचं घड्याळ एकच. फिरवाफिरवी करायची गरजच नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एकदा थिएटरमध्ये सर्जनच्या मागे उभी होते तेव्हा ट्यूब पेटली.

परवाचा किस्सा सांगते आणि थांबते. आता मी सेकंड इयर, स्वतःला जरा हुशार समजायला लागलेली. एक आजोबा आले, पोट दुखतं म्हणून. उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवला तर लिव्हरच नाही. स्प्लीनसारखं काहीतरी. प्रोबची खूण बघितली, बरोबर दिशेला होती. प्रोब उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मशिनवरचं लेफ्ट-राइटचं बटण बघितलं. ज्युनियरला म्हटलं कुणीतरी सेटिंग बदललंय बघ. एओर्टा उजवीकडे, आयव्हीसी डावीकडे, सगळा गाव आरशात बघितल्यासारखा. माझी ही खटपट आजोबा छताकडे बघत शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "माझं आतलं समदं उलटं हाय, मॅडम. काळीज बी उजवीकडं. मुंबईच्या डाक्टरनं सांगितलंय मला, लई वर्सं झाली."

मी म्हटलं, आजोबा, आधी सांगायचं ना.

"तुम्ही इचारलंच न्हाई."